नायक नसलेल्या वेस्टर्न मालिका: 'डेथ व्हॅली डेज', 'फ्रंटियर' आणि वस्तीच्या कडेवरच्या सुट्या कथा

माळरान

'द रायफलमन' या वेस्टर्न मालिकेतला, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या वसाहतकाळावरच्या मालिकेतला, नायक लुकस मॅकेन आज मरणार नाही, हे १९५८ साली ती मालिका पाहणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असे, कारण पुढच्या आठवड्यात त्याच वेळी तो पुन्हा दिसायचा होता. ज्या मालिकेला कायमचा नायक असतो, तिच्यात तो संकटातून सुटणार कसा एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. ज्या मालिकांविषयी मला इथे लिहायचे आहे, त्यांत हा दिलासा नव्हता. दर आठवड्याला नवी माणसे, नवे गाव आणि नवे साल असे. अर्ध्या तासात त्यांची गोष्ट संपे आणि ती माणसे पुन्हा कधीच दिसत नसत. त्यामुळे त्या अर्ध्या तासात कुणीही मरू शकत असे, कुणीही हरू शकत असे आणि एखादी विहीर शेवटपर्यंत कोरडीच राहू शकत असे.

'फ्रंटियर' या शब्दासाठी आपण सहज 'सरहद्द' म्हणतो, पण तो शब्द इथे पुरत नाही. सरहद्द दोन राज्यांच्या मध्ये असते; ही जागा म्हणजे वस्तीची कड, जिथे शेवटचे कुंपण संपते आणि त्यापुढे न्यायालय, डॉक्टर, टपाल यांपैकी कशाचाच भरवसा नसतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन नाममात्र शुल्कात मिळत होती खरी, पण ती नावावर होण्यासाठी तिथे पाच वर्षे राहून ती कसावी लागे. पाच वर्षांच्या त्या चिकाटीत नाट्य भरपूर आहे, मात्र ते भर दुपारी रस्त्यावर समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन पिस्तूलबाजांचे नाट्य नव्हे. म्हणून माझे म्हणणे असे की, वस्तीच्या कडेवरचे जगणे दाखवायला सुट्या कथांचा घाट हाच योग्य घाट होता आणि १९५० च्या दशकातल्या अमेरिकी दूरचित्रवाणीला तो फार थोडा काळ पेलता आला.

या घाटाची सर्वांत दीर्घायुषी मालिका म्हणजे 'डेथ व्हॅली डेज'. ती १९३० मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि १९७० पर्यंत तिचे ४५२ भाग झाले. तिला कोणत्याही मोठ्या वाहिनीचा आधार नव्हता. पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स ही टाकणखाराचा धंदा करणारी कंपनी तिची प्रायोजक होती आणि गावोगावच्या स्थानिक केंद्रांवर ती स्वतंत्रपणे दाखवली जाई. प्रेक्षकसंख्येच्या शर्यतीत कोणत्या वाहिनीने कोणाला मागे टाकले, याच्याशी तिच्या जगण्या-मरण्याचा फारसा संबंध नव्हता, आणि तिचा स्वभाव इतकी वर्षे टिकला त्याचे एक कारण हे असावे असे मला वाटते.

गेल्या वर्षभरात मी या मालिकेचे शंभराहून अधिक भाग लक्षपूर्वक पाहिले. त्यांतल्या कितीतरी भागांत गोळी सुटतच नाही. जोशुआ नॉर्टन या व्यापाऱ्याचे दिवाळे सॅन फ्रान्सिस्कोत तांदळाच्या एका सट्ट्यात निघाले आणि १८५९ मध्ये त्याने स्वतःला अमेरिकेचा सम्राट घोषित केले. शहराने त्याला वेड्यांच्या इस्पितळात न पाठवता वीस वर्षे सन्मानाने सांभाळले. मालिकेने ही गोष्ट सांगितली आहे. मिसूरीत १८६९ साली 'ओल्ड ड्रम' नावाचा शिकारी कुत्रा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी घालून मारला गेला आणि त्याच्या मालकाने खटला भरला. त्या खटल्यात १८७० मध्ये जॉर्ज व्हेस्ट या वकिलाने ज्युरीपुढे जे भाषण केले, त्यात पुराव्याविषयी जवळजवळ काही नव्हते. सगळे बोलणे माणूस आणि कुत्रा यांच्यातल्या निष्ठेविषयी होते. मालकाला ५० डॉलरची भरपाई मिळाली. १९६४ च्या भागात व्हेस्टची भूमिका रोनाल्ड रेगन यांनी केली आहे. एका कुत्र्यासाठी न्यायालयाची पायरी चढणारा शेतकरी हा कायमच्या नायकाच्या मालिकेत फार तर उपकथानकात बसला असता. इथे अर्धा तास त्याचा होता.

दुसरी मालिका 'फ्रंटियर'. एनबीसी या वाहिनीवर ती १९५५-५६ चा एकच हंगाम चालली. तिचे निर्माते वर्दिंग्टन माइनर हे 'स्टुडिओ वन'सारख्या न्यूयॉर्कच्या थेट प्रक्षेपित नाट्यमालिकेतून आलेले होते आणि ते जाणवते, कारण घोडदौडीपेक्षा बंद खोलीतल्या दोन माणसांच्या संवादावर तिचा भर आहे. वॉल्टर कॉय सूत्रधार असत आणि ही हकिगत अशीच घडली, अशा अर्थाच्या वाक्याने ते प्रत्येक भागाची सुरुवात आणि शेवट करीत. ज्या वर्षी 'गनस्मोक' ही कायमच्या नायकाची मालिका सीबीएस वाहिनीवर सुरू झाली त्याच वर्षी 'फ्रंटियर' सुरू झाली. पहिली वीस वर्षे चालली आणि दुसरी एका वर्षात बंद पडली. या दोन निकालांमध्ये आपण काय गमावले, यावर चर्चा व्हावी अशी माझी इच्छा आहे.

ध्वनिलहरी

माळरान, आपल्या लेखात जिच्यावर एक स्वतंत्र परिच्छेद हवा होता, त्या व्यक्तीचे नाव राहून गेले आहे. 'डेथ व्हॅली डेज'च्या जनक रूथ वुडमन या न्यूयॉर्कमधल्या एका जाहिरात संस्थेत मजकूर लिहिणाऱ्या बाई होत्या. मालिका लिहिण्याचे काम अंगावर आले तेव्हा त्यांचा डेथ व्हॅलीच्या वाळवंटाशी काहीही परिचय नव्हता. कार्यालयात बसून चार पुस्तकांच्या आधारे त्यांना ते काम उरकता आले असते. त्याऐवजी त्या पुढे वर्षानुवर्षे कॅलिफोर्निया आणि नेव्हाडातल्या त्या मुलखात जात राहिल्या, ओस पडलेली खाणगावे पाहत राहिल्या, म्हाताऱ्या खाणकामगारांशी आणि छोट्या गावांतल्या वृत्तपत्रांच्या संपादकांशी बोलून हकिगती टिपत राहिल्या. १९३० च्या दशकात १८८० चे दशक आठवणारी माणसे जिवंत होती. आज ती मालिका पाहताना आपण या गोष्टीचे मोल विसरतो, असे मला वाटते. त्यातल्या अनेक कथांचा उगम कुणाच्या तरी प्रत्यक्ष आठवणीत होता.

रेडिओवरच्या मालिकेचा एक गुण मात्र पडद्यावर येताना हरवला. रेडिओवर 'ओल्ड रेंजर' हा म्हातारा सूत्रधार कथा सांगे आणि ऐकणारा मनातल्या मनात वाळवंट उभे करी. तिथल्या शांततेलाही जागा असे. बिगुलाचा सूर विरला की दोन क्षण काहीच ऐकू येत नसे आणि त्या दोन क्षणांत अंतर जाणवे. दूरचित्रवाणीला शांतता परवडत नाही. स्टॅन्ली अँड्र्यूज यांनी पडद्यावर ओल्ड रेंजरची भूमिका बारा वर्षे केली आणि त्यांचा आवाज मला फार प्रिय आहे, पण पडद्यावरच्या वाळवंटाला चौकट आहे आणि रेडिओवरच्या वाळवंटाला ती नव्हती.

तिसरा अंक

मी मालिकांसाठी संवाद आणि पटकथा लिहिते, त्यामुळे या प्रश्नाकडे मी थोडी व्यवहाराच्या बाजूने पाहते. सुट्या कथांची मालिका निर्मात्याला महाग पडते, कारण दर भागाला नवे नट, नवे कपडे, नवी घरे लागतात आणि लेखकाला पहिल्या चार मिनिटांत अनोळखी माणसे प्रेक्षकाच्या ओळखीची करून द्यावी लागतात. कायमच्या नायकाच्या मालिकेत ती चार मिनिटे मोफत मिळतात. तरीही वेस्टर्नमध्ये हा घाट काही काळ टिकला याचे कारण असे की, स्टुडिओच्या आवारात एक रस्ता, एक दारूचा गुत्ता, एक तबेला आणि एक चर्च आधीच उभे असे. पाटी बदलली की गाव बदले. समकालीन शहरी नाटकांना ही सोय नव्हती.

माळरान यांनी 'झेन ग्रे थिएटर'चा उल्लेख केला नाही, म्हणून मी करते, कारण आपण ज्याला गमावणे म्हणता त्याची यंत्रणा तिथे उघड दिसते. फोर स्टार या संस्थेची ही मालिका १९५६ ते १९६१ या काळात सीबीएसवर होती आणि अभिनेते डिक पॉवेल तिचे सूत्रधार होते. प्रारंभी झेन ग्रे या वेस्टर्न कादंबरीकाराच्या कथा घेतल्या जात. पुढे नाव तेच राहिले आणि कथा इतरांच्या येऊ लागल्या. तिच्या सुट्या भागांचा उपयोग नव्या मालिकांची चाचणी घेण्यासाठी होऊ लागला. आपण ज्या 'रायफलमन'पासून सुरुवात केली आहे, तो नायक प्रथम १९५८ मध्ये याच मालिकेच्या एका भागात आला आणि तो भाग लेखक-दिग्दर्शक सॅम पेकिनपा यांनी लिहिला होता. 'ट्रॅकडाउन', 'जॉनी रिंगो' आणि 'द वेस्टर्नर' याही मालिका इथूनच निघाल्या, आणि 'ट्रॅकडाउन'मधून पुढे स्टीव्ह मॅक्वीनची 'वाँटेड: डेड ऑर अलाइव्ह' निघाली. म्हणजे सुट्या कथांचा घाट बाहेरच्या कुणी मारला नाही. त्याच्याकडे रोपवाटिका म्हणून पाहिले गेले आणि जे रोप जोमाने वाढेल असे वाटले, ते उपटून दुसरीकडे लावले गेले.

मला याचे दुःख आहे, पण निर्मात्यांना दोष द्यावासा वाटत नाही. एखादे पात्र तुम्ही अर्ध्या तासात लिहिता, ते जिवंत होते, प्रेक्षक त्याच्याविषयी पत्रे पाठवतात आणि तुम्हाला सांगितले जाते की त्याला पुन्हा भेटायचे नाही. लेखकासाठी हे सोपे नसते. पेकिनपा यांनाही आपली माणसे सोडवली नसतील. ब्रायन कीथ नायक असलेली त्यांची 'द वेस्टर्नर' ही मालिका मात्र १९६० मध्ये अवघ्या तेरा भागांत संपली. कायमचा नायक असूनही ती सुट्या कथांच्या वृत्तीची होती. तिचा नायक चुकतो, पितो आणि कधीकधी काहीही न मिळवता घोड्यावर बसून निघून जातो.

आडवाट

मी गेली अनेक वर्षे कॅलिफोर्नियात राहतो आणि डेथ व्हॅलीला चार वेळा जाऊन आलो आहे. चर्चेत ज्या कंपनीचा उल्लेख आला, तिच्या वस्तूविषयी दोन गोष्टी लिहितो, कारण त्या वस्तूशिवाय ही मालिका झालीच नसती.

टाकणखार आपल्याकडे सोनाराच्या दुकानात डाग देण्यासाठी वापरतात हे सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजीत कच्च्या टाकणखाराला 'टिंकल' म्हणतात आणि तो शब्द आपल्या 'टंकण' या संस्कृत शब्दापासूनच गेलेला आहे, कारण कित्येक शतके हा क्षार तिबेट आणि लडाखच्या बाजूने जगभर जात असे. डेथ व्हॅलीच्या खाऱ्या पठारावर तो १८८१ मध्ये सापडला. हार्मनी बोरॅक्स वर्क्स या ठिकाणी तो गोळा करून शुद्ध केला जाई आणि ते गोळा करण्याचे काम प्रामुख्याने चिनी मजूर करीत. तिथून मोहावीच्या रेल्वे स्थानकापर्यंत १६५ मैलांचा रस्ता होता आणि एका फेरीला जायलाच सुमारे दहा दिवस लागत.

त्या वाटेवर ज्या गाड्या चालत, त्यांतल्या जुन्या गाड्या आजही तिथे उभ्या आहेत. मागचे चाक सात फूट उंच आहे. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो तेव्हा माझे डोके चाकाच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचत नव्हते. चाकावरची लोखंडी धाव हाताच्या तळव्याहून रुंद आहे. अशा दोन गाड्या एकामागे एक जोडून त्यांच्या मागे पाण्याची टाकी लावत. त्यांना जुंपलेली वीस जनावरे म्हणजे अठरा खेचरे आणि दोन घोडे असत. हाकणाऱ्याच्या हातात एकच लांब कासरा असे आणि तो थेट आघाडीच्या जनावरापर्यंत जाई. वळणावर मधल्या जोड्यांना साखळीवरून उडी मारून पलीकडे जावे लागे, म्हणजे गाडी दरीत ओढली जात नसे, आणि हे त्या जनावरांना शिकवलेले असे. गाडीभर भरलेला माल आणि पाणी धरून एकूण वजन ३६ टनांच्या आसपास जाई. हा सगळा खटाटोप १८८३ ते १८८९ एवढीच सहा वर्षे चालला. नंतर जवळच नवे साठे सापडले आणि रेल्वे पुढे सरकली. सहा वर्षांच्या वाहतुकीवर एका कंपनीने शंभर वर्षांहून अधिक काळ टिकणारी ओळख उभी केली. ही 'ट्वेंटी म्यूल टीम'ची, म्हणजे वीस खेचरांच्या गाडीची, ओळख लोकांपर्यंत नेणाऱ्यांत स्टीफन मॅदर होते आणि तेच पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे पहिले संचालक झाले.

मालिकेच्या सुरुवातीला पडद्यावरून जाणारी ती खेचरे मला आता जाहिरात वाटत नाहीत. त्या वाटेवर उन्हात अर्धा तास चालल्यावर ज्याने पहिल्यांदा तिथे गाडी न्यायचे ठरवले असेल, त्याच्याविषयी मनात आदरच उरतो.

कोरी पाटी

चर्चा मनापासून वाचली. माळरान यांचे मुख्य म्हणणे मला अर्धे मान्य आहे आणि अर्धे मुळीच मान्य नाही, तेही सविस्तर लिहिते. मी इतिहास शिकवते.

'वस्तीची कड' हा शब्द सुंदर आहे, पण ती कोणाच्या वस्तीची कड? डेथ व्हॅली ही टिंबिशा शोशोनी लोकांची भूमी आहे. ते तिथे टाकणखार सापडण्याच्या कितीतरी आधीपासून उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात खोऱ्यात राहत आणि मेस्किटच्या शेंगा व पायन्यॉनच्या बिया यांवर त्यांचे वर्ष चाले. ती जागा त्यांना मृत्यूची दरी वाटत नव्हती. ते नाव १८४९ मध्ये वाट चुकून आलेल्या सोनेशोधकांच्या तांड्यामुळे रूढ झाले. ज्या मालिकेच्या नावातच उपऱ्याची नजर आहे, तिच्या ४५२ भागांत त्या खोऱ्यातल्या माणसांना केवढी जागा मिळाली?

इथेच मला माळरान यांच्या घाटाविषयीच्या प्रतिपादनात खोट दिसते. सुट्या कथांमध्ये प्रत्येक माणूस अर्ध्या तासाने नाहीसा होतो, हे त्यांनी गुण म्हणून सांगितले. वसाहतकऱ्यासाठी तो गुण असेलही, कारण एक गेला तरी पुढच्या आठवड्यात दुसरा वसाहतकरी येतोच आणि सगळे मिळून त्यांचे एक मोठे चित्र उभे राहते. मूळ रहिवासी एखाद्या भागात येतो, शूर किंवा क्रूर किंवा करुण ठरतो आणि जातो. त्याच्या गावाला, त्याच्या नातलगांना, करार मोडल्यानंतरच्या त्याच्या वीस वर्षांना कुठेही सलगपणा मिळत नाही. अन्याय दाखवायला काळाची सलगता लागते, आणि नेमकी तीच या घाटात नाही.

आकड्यांचेही असेच आहे. १८४० ते १८६० या वीस वर्षांत सुमारे ३ लाख लोक तांड्यांनी पश्चिमेकडे गेले. इतिहासकारांनी केलेल्या मोजणीनुसार त्या काळात त्या वाटांवर मूळ रहिवाशांच्या हातून ३६२ स्थलांतरित मारले गेले आणि स्थलांतरितांच्या हातून ४२६ मूळ रहिवासी मारले गेले. तांड्यातली माणसे मुख्यतः पटकीने, नदी ओलांडताना बुडून आणि स्वतःच्याच बंदुकीची गोळी चुकून लागून मेली. रात्री गाड्या गोलाकार लावत त्या प्रामुख्याने बैल आणि घोडे भटकू नयेत म्हणून. बहुतेक माणसे गाडीत बसत नसत, तर गाडीच्या बाजूने दोन हजार मैल चालत जात. हे सगळे ठाऊक असताना हल्ल्याचे दृश्य दर हंगामात पुन्हा पुन्हा दाखवले गेले, मग मालिकेला नायक असो वा नसो.

माळरान

कोरी पाटी, आपला सलगतेचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवत होतो. तो मला मान्य करावा लागेल. मी ज्याला मोकळेपणा समजत होतो, तो सर्वांना सारखा मिळत नव्हता, हे मला आपल्या प्रतिसादानेच दिसले.

तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. दर आठवड्याला दार नव्याने उघडणाऱ्या या घाटात कधीकधी असा माणूस आत आला, ज्याला कायमच्या नायकाची जागा त्या काळात कुणीही दिली नसती. 'झेन ग्रे थिएटर'मध्ये नोव्हेंबर १९५९ मध्ये 'मिशन' नावाचा भाग दाखवला गेला आणि त्यात गायक-अभिनेते सॅमी डेव्हिस ज्युनियर यांनी कृष्णवर्णीय घोडदळातल्या सैनिकाची भूमिका केली. यादवी युद्धानंतर उभारलेल्या त्या पलटणींमध्ये हजारो कृष्णवर्णीय सैनिकांनी पश्चिमेत नोकरी केली होती आणि पडद्यावर त्यांचे अस्तित्व जवळजवळ नव्हते. गुराख्यांमध्येही कृष्णवर्णीयांचे आणि मेक्सिकन व्हाकेरोंचे प्रमाण मोठे होते. एका अर्ध्या तासाने ही भरपाई होत नाही हे मला कळते. पण त्याच वर्षी वाहिन्यांवर इतक्या वेस्टर्न मालिका चालू असताना हा अर्धा तास सुट्या कथांच्या मालिकेतच शक्य झाला, यालाही अर्थ आहे.

तांड्यांविषयी आपण जे लिहिले ते वाचून मी 'वॅगन ट्रेन' या तांड्यावरच्या मालिकेचे काही भाग पुन्हा पाहिले. ती मालिका अर्धी सुट्या कथांची आहे. तांड्याचा नायक मेजर सेथ ॲडम्स, वाटाड्या फ्लिंट मॅकलॉ आणि स्वयंपाकी चार्ली वूस्टर कायम. बाकी बहुतेक भाग एकेका माणसाच्या नावाचे. सप्टेंबर १९५७ मधला पहिलाच भाग विली मोरन या दारूत बुडालेल्या माणसाचा आहे आणि अर्नेस्ट बोर्गनाइन यांनी तो उभा केला आहे. हल्ल्याची दृश्ये तिथे आहेत, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु जे भाग मनात राहतात ते दारू, भीती, लाज आणि उशिरा झालेला पश्चात्ताप यांचे आहेत. तांडा ही कल्पनाच अशी आहे की माणसाला आपला भूतकाळ गाडीत घालून न्यावाच लागतो आणि सहा महिने तेच शेजारी सोबत असतात.

या मालिकेला मरणाचाही प्रत्यक्ष अनुभव आला. मेजर ॲडम्स साकारणारे वॉर्ड बाँड ५ नोव्हेंबर १९६० रोजी अचानक वारले. त्यानंतर अठरा दिवसांनी जॉन फोर्ड यांनी दिग्दर्शित केलेला भाग प्रक्षेपित झाला आणि त्यात बाँड होते. पुढे जॉन मॅकइंटायर तांड्याचे प्रमुख म्हणून आले आणि मालिका आणखी चार वर्षांहून अधिक चालली. तांडा थांबला नाही, कारण त्याचा प्राण प्रमुखात नव्हता, प्रवाशांमध्ये होता. कायमच्या नायकावर उभ्या असलेल्या मालिकेला हे सोसले असते असे मला वाटत नाही.

तिसरा अंक

कायम कोण राहते, हा प्रश्न निघालाच आहे, तर 'डेथ व्हॅली डेज'च्या सूत्रधारांकडे पाहावे. स्टॅन्ली अँड्र्यूज यांच्यानंतर १९६४ मध्ये रोनाल्ड रेगन आले. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या १९६६ च्या निवडणुकीसाठी ते बाहेर पडले आणि रॉबर्ट टेलर आले. त्यांच्यानंतर डेल रॉबर्टसन आले. शिवाय तेच भाग वेगळ्या नावांनी पुन्हा विकले गेले आणि प्रत्येक नावासाठी वेगळा सूत्रधार चित्रित करून जोडला गेला. 'ट्रेल्स वेस्ट' या नावाखाली रे मिलंड होते आणि 'कॉल ऑफ द वेस्ट' या नावाखाली जॉन पेन होते. कथा तीच, प्रास्ताविक दुसऱ्याचे.

लेखक म्हणून यातली एक गोष्ट माझ्या मनाला लागते. ओल्ड रेंजर हा त्या मुलखात म्हातारा झालेला माणूस होता. तो सांगे तेव्हा ती त्याने पाहिलेली किंवा ऐकलेली गोष्ट असे. रेगन यांच्यापासून पुढे सूत्रधार हा नामवंत अभिनेता झाला आणि तो आपल्याला गोष्ट सादर करू लागला. रूथ वुडमन यांनी म्हाताऱ्या खाणकामगारांकडून जे आणले होते, त्याच्या आणि आपल्या मध्ये आता एक प्रसिद्ध चेहरा आला. ध्वनिलहरी यांनी शांततेविषयी लिहिले आहे. मला वाटते की मालिकेतला साक्षीदार गेला, ही त्याहून मोठी हानी होती.

ध्वनिलहरी

हे मान्य. आणि तरीही १९६१ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी दूरचित्रवाणीला विस्तीर्ण ओसाडी म्हटले, तेव्हा त्यांच्या यादीत पश्चिमेतले दुष्ट आणि पश्चिमेतले सज्जन हे दोघेही होते. त्या ओसाडीत नॉर्टनची आणि ओल्ड ड्रमची गोष्ट सांगणारी मालिका चालू होती, हे त्या भाषणाचा दाखला देणाऱ्यांना क्वचितच आठवते.

ज्यांना पाहायला सुरुवात करायची आहे त्यांना माझे सांगणे असे की, १९५० च्या दशकातले कृष्णधवल भाग आधी पाहावेत. रंग आल्यावर कपडे स्वच्छ झाले आणि धूळ सुंदर दिसू लागली. कृष्णधवल चित्रणात धूळ ही धूळच आहे आणि माणसे थकलेली दिसतात.

आडवाट

कोरी पाटी यांच्या प्रतिसादानंतर मी मार्चमध्ये पुन्हा डेथ व्हॅलीला गेलो आणि या वेळी गाड्यांपाशी न थांबता पुढे गेलो. फर्नेस क्रीक इथे, कंपनीने १९२७ मध्ये सुरू केलेल्या हॉटेलापासून जवळच, टिंबिशा लोकांचे गाव आहे. १९३३ मध्ये हे खोरे राष्ट्रीय स्मारक झाले तेव्हा त्यांना विचारले गेले नव्हते. १९३० च्या दशकात त्यांना एका ठरावीक तुकड्यावर वसवले गेले आणि कच्च्या विटांची घरे बांधून देण्यात आली. १९९४ मध्ये स्मारकाचे राष्ट्रीय उद्यान झाले. दीर्घ लढ्यानंतर २००० च्या कायद्याने साडेसात हजारांहून अधिक एकर जमीन त्यांच्यासाठी राखली गेली आणि त्यांतली सुमारे ३०० एकर इथे, त्या गावापाशी आहे.

गावाची खासगी जागा असल्याने मी आत गेलो नाही, रस्त्यावरूनच पाहिले. मेस्किटची झाडे होती, एका घरासमोर पाण्याचा नळ चालू होता आणि दोन मुले सायकली धूत होती. ऊन चढायला अजून तासभर अवकाश होता.